बुजवलेली पिंपळपानं

मी एक जुनी सिमेंटची जाळी आहे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, अंबरनाथच्या अंगाला जिथे कॅम्प संपत येतो, तिथे एक दोन खोल्यांचं घर आहे. त्या घराच्या आतल्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीत, पत्र्याच्या अगदी खाली मी बसवलेली आहे. माझ्यात चार भोकं आहेत, पिंपळाच्या पानांच्या आकाराची. त्यातल्या एका पानाचं टोक काल दुपारी तुटलं. ते कसं तुटलं तेच मला सांगायचं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू एरवी आपली गोष्ट निवांत सांगतात. मला आज ती सवड नाही. माझ्या बरोबर खाली भिमाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर एक रिकामं दुपटं आहे. त्यांची नात दवाखान्यात आहे. तिचं अजून नावही ठेवलेलं नाही. ती परत येते की नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. बोलत राहिलं की वेळ जातो म्हणतात. भिमाबाई काही बोलत नाहीत, म्हणून मी बोलते.

मला भिमाबाईंच्या नवऱ्याने घडवलं. रामभाऊ त्यांचं नाव. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात ओतशाळेत कामाला होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, ते निवायची वाट बघायची, की पुन्हा ओतायचं. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून त्यांच्या भुवयासुद्धा विरळ झाल्या होत्या. अशा माणसाने घर बांधायला काढलं तर तो आधी काय मागेल? रामभाऊंनी वारा मागितला. गवंडी हसला. म्हणाला, भिंतीत भोकं ठेवायला मला वेगळं कशाला सांगता, माझ्या भिंतींना ती अशीच राहतात.

मग रामभाऊंनी सुट्टीच्या दिवशी खोक्याच्या फळ्या तासून माझा साचा स्वतःच केला. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, दारावर पंचशीलाचा झेंडा होता, तेव्हा जाळीला वेलबुट्टी नको, पिंपळपान हवं, असं त्यांनी ठरवलं. सिमेंट ओतलं, आणि लोखंडासारखी मीही लगेच निवेन असं समजून संध्याकाळी साचा सोडायला गेले. भिमाबाईंनी हात धरला. सिमेंटला घाई चालत नाही हे त्यांना गवंड्याच्या बायकोने सांगितलं होतं. त्यांनी मला ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यावर पाणी मारलं. तेव्हा त्या पहिलटकरीण होत्या. पोटातल्याला आणि मला त्यांनी एकदमच जपलं.

माझं काम काय, ते सांगायला बसलं तर चार ओळींत संपतं. गरम हवा हलकी असते. ती वर चढते, छपराखाली गोळा होते आणि बाहेर जायला वाट शोधते. ती वाट म्हणजे मी. ती माझ्यातून गेली की समोरच्या पश्चिमेच्या खिडकीतून, खालून, नवी हवा आत येते. दुपार कलली की कल्याणच्या खाडीकडून वारा सुटतो, तो त्या खिडकीतून शिरायचा, झोपलेल्यांच्या अंगावरून जायचा आणि माझ्यातून निघून जायचा. ना वीज, ना बटण, ना आवाज. खिडकीबाहेर एक शेवगा होता, तो खिडकीवर ऊन पडू देत नसे. वर मंगलोरी कौलं होती, त्यांच्या फटींतूनही घर श्वास घ्यायचं. आम्ही सगळे मिळून ते घर राखत होतो. मी एकटीने काही केलं असं मी म्हणणार नाही.

त्या दिवसांत माझं कौतुकही झालं. शेजारच्या लाजवंती आंटी पापडांचं लाटणं-पोळपाट घेऊन दुपारी आमच्याकडेच यायच्या. सिंधी घरातली बाई, पापडांत त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. कडक उन्हात पापड तडकतात, म्हणून त्या ते माझ्याखाली, खाटेवर, वाऱ्यावर वाळवायच्या. आणि म्हणायच्या, "भीमा, तेरे घर में तो माथेरान है." भिमाबाई म्हणायच्या, मग तिकीट काढून येत जा.

पण मित्रांनो, माझ्या आयुष्यात एक श्रावण आहे, आणि तो सांगितल्याशिवाय कालची दुपार तुम्हाला समजणार नाही.

भिमाबाईंचा पहिला मुलगा श्रावणात झाला, याच खोलीत. पाऊस तिरका यायचा आणि माझ्यातून तुषार आत उडायचे. पोराला खोकला झाला, छाती घरघरायला लागली, आणि एका सकाळी ते गेलं. बायका जमल्या. त्यातल्या एकीने वर माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकून म्हणाली, वारा लागला बाळाला. भिमाबाईंनीही मान वर केली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कुणी कुणाकडे पाहू नये.

त्याला मी मारलं का? मला ठाऊक नाही. पोर जन्मतःच किडकिडीत होतं, दवाखाना लांब होता, पावसाने रस्ता बंद होता. पण माझ्यातून गार वारा येत होता, हेही खरं आहे. मला दार नव्हतं. उघडं राहायचं मला येतं, मिटायचं येत नाही. पापणी नसलेल्या डोळ्याने काय करावं?

 त्या संध्याकाळी रामभाऊंनी माझ्या वर दोन खिळे ठोकले आणि आणखी एक बाजूला. मग अंगातला खाकी शर्ट काढून वरच्या खिळ्यांवर टांगला. शर्टाने मला झाकलं. सकाळी तोच शर्ट काढून, झटकून, घालून ते कामावर गेले. पुढे तो नियमच झाला. पाऊस तिरका आला, थंडी पडली, की शर्ट माझ्यावर. उकडायला लागलं की शर्ट बाजूच्या खिळ्यावर. कारखान्यातून नवा शर्ट मिळाला, तरी जुना माझ्यासाठी राहिला. त्यांनी कुणाला कधी काही समजावलं नाही. त्या मुलाबद्दल नवरा-बायको एकमेकांशी बोलल्याचं मी ऐकलं नाही. जे बोलायचं ते रामभाऊ शर्टाने बोलायचे.

मग राजरत्न झाला. त्याच्या मागून, ऐन वैशाखात, यशोधरा झाली. तिचा पाळणा माझ्याखालीच बांधला होता. शर्ट बाजूच्या खिळ्यावर होता, खिडकी उघडी होती, आणि पोरगी वाऱ्यावर पाय उडवत गुबगुबीत झाली. हे सगळं भिमाबाईंनी स्वतः केलेलं आहे. पण सुखाचं माणसाला आठवत नाही. दुःखाचंच बरोबर आठवतं.

रामभाऊ गेले आणि घर हळूहळू बदलत गेलं. यात कुणी वाईट वागलं असं नाही. कौलं गळायला लागली, ती शाकारणारा माणूस मिळेना, म्हणून राजरत्नने पत्रा घातला. पत्रा गळत नाही, पण तापतो, आणि आपला ताप तो एकट्याकडे ठेवत नाही. आधी दोन वर्षं होळीनंतर पत्र्यावर चुना मारला जायचा, पांढऱ्या रंगाने ऊन जरा परत जायचं. पुढे तेही राहिलं. शेवग्याच्या जागी जीन्स शिवायचा कारखाना आला. त्याचा निळा भुसा माझ्या पानांत अडकायला लागला. माझ्या मागच्या नाल्याचा वास तर होताच, तो वाढला. राजरत्नची बायको शीला घरीच मशीनवर जीन्सचे खिसे शिवते, तिला त्या वासाने मळमळायचं. म्हणून राजरत्नने बाहेरून माझ्यावर एक जुना फ्लेक्स ठोकला. जयंतीचा होता, शुभेच्छुकांच्या फोटोंचा. इतके हसरे चेहरे माझ्या पाठीला लागले, आणि माझा श्वास अर्धा झाला.

तरी फ्लेक्सच्या कडेकडेने थोडं चालत होतं. मी तक्रार केली नाही. जाळीने तक्रार करावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

मग यशोधरा बाळंतपणाला माहेरी आली. ती बदलापूरला, शिरगावात राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर. नवरा विक्रांत, दोघं नोकरी करतात. दवाखान्यात मुलगी झाली आणि मायलेकी या खोलीत आल्या. वैशाख तापला होता. दुपारी पत्रा तडतड वाजायचा.

मित्रांनो, आपल्याकडे बाळंतिणीला वाऱ्याचं मोठं भय घालतात. डोक्याला रुमाल, कानात कापूस, खोलीला फट नको. ही माया आहे, तिची चेष्टा मी करणार नाही. मायेला ऋतू कळत नाहीत, एवढाच तिचा दोष. भिमाबाईंनी आधी खिडकी लावली. मग शीलाच्या मशीनखालच्या जीन्सच्या चिंध्या गोळा केल्या आणि स्टूल मागितलं. शीलाने स्टूल धरलं. भिमाबाई वर चढल्या आणि त्यांनी माझं एकेक पान आपल्या बोटांनी बुजवलं. घाईत कोंबल्या नाहीत चिंध्या. बाळाचं दुपटं बांधावं तशा, कडा आत दुमडून, निगुतीने.  त्या मला बुजवतच नव्हत्या. त्या श्रावणातली ती सकाळ बुजवत होत्या.

खोलीत शेगडी आली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा पडल्या, धुरी झाली. बाहेर वाळत घातलेल्या लंगोटांना निळा भुसा लागतो, म्हणून ते खोलीतच दोरीवर आले. यशोधरा म्हणाली, आई, मोबाइलवर बघ, खोलीत हवा खेळती ठेवा असंच सांगतात. भिमाबाई म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलने किती बाळंतपणं केली ग?" यशोधरा हसली आणि तिने मोबाइल उशीखाली ठेवला. तिला झोप नव्हती, टाके दुखत होते, आणि माहेरी येऊन आईशी भांडायचं बळ कुठल्याच बाळंतिणीला नसतं.

विक्रांतने फोनवर कुरकुर केली आणि एक कूलर पाठवून दिला. भिमाबाईंनी जावयाचा मान राखला. कूलर लावला, पण तोंड भिंतीकडे करून. आता एका कोपऱ्यात शेगडी आणि दुसऱ्या कोपऱ्यात कूलर. खोलीने कुणाचं ऐकायचं? कूलर पाण्याची हवा सोडतो, ती हवा पुढे बाहेर पडली तरच गारवा येतो. बाहेर पडायची वाट मी, आणि माझ्या तोंडात चिंध्या. लंगोटांची ओल, कूलरची ओल, शेगडीची धग, पत्र्याचा ताप. सगळं वर चढायचं आणि माझ्या तोंडाशी येऊन थांबायचं. मी वर असते, म्हणून खोलीतलं सगळ्यात वाईट मला आधी कळतं. मला कळत होतं. मला सांगता येत नव्हतं.

बाळ आधी खूप रडलं. भिमाबाईंना वाटलं पोट दुखतंय, त्यांनी शेक वाढवला. बाळाच्या मानेवर लाल पुरळ उठलं. अंगातून उष्णता बाहेर पडतेय म्हणून त्यांनी आणखी एक दुपटं गुंडाळलं. यशोधराचं डोकं दुखायला लागलं. ते शेगडीच्या धुराने दुखत होतं, पण भिमाबाईंना वाटलं वारा कानातून गेला, त्यांनी रुमाल घट्ट केला आणि दाराच्या फटीत पोतं घातलं. मित्रांनो, याच्याइतकं भयंकर मी काही पाहिलं नाही. जितकं बाळाचं बिघडत होतं तितकी माया वाढत होती, आणि जितकी माया वाढत होती तितकं बाळाचं बिघडत होतं. मला वाटायचं, एखादी पाल तरी चिंध्या ओढेल, एखादा उंदीर तरी कुरतडेल. ज्या उंदरांनी माझ्यातून ये-जा केलेली मला कधी खपली नाही, त्यांची मी वाट पाहत होते.

मग बाळ रडायचं थांबलं. भिमाबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, शहाणं आहे, आईला त्रास देत नाही.

काल दुपारी लाजवंती आंटी बाळ बघायला आल्या. आता त्यांना चालायला काठी लागते. आल्या त्या ताटलीत भाजलेले पापड घेऊन. सिंधी लोकांत कुणाकडे जायचं, कुणाला बसवायचं, तर पापड आणि पाणी असतंच. दारातून आत येताच त्यांनी पदराने तोंड पुसलं. ताटली खाली ठेवली, बाळाला पाहिलं, यशोधराच्या रुमालाची चेष्टा केली, म्हणाल्या, डोक्याला रुमाल बांधून ही तर दरोडेखोर दिसते. मग यशोधराला एक पापड हातात दिला.

यशोधरा तो मोडायला गेली. तो मोडला नाही. वाकला.

लाजवंती आंटींनी दुसरा उचलला. तोही वाकला, ओल्या कागदासारखा. त्यांच्या पापडाचा आवाज गल्लीच्या नुक्कडापर्यंत जातो अशी त्यांची जन्माची फुशारकी. त्यांनी तो पापड उलटा करून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भीमा, ये मैंने अभी सेंका था. घर से निकलते निकलते. तेरे कमरे में आके बैठा, और मर गया."

भिमाबाई म्हणाल्या की उन्हाळा आहे, दमट आहे, त्याला काय करणार. लाजवंती आंटींनी मान वर केली. निळ्या चिंध्या पाहिल्या. "वो जाली क्यूँ बंद की? ये यशो भी तो ऐसी गरमी में हुई थी. तब खुली थी. मैं इधर ही पापड सुखाती थी."

"तुझं काय जातंय, लाजो," भिमाबाई म्हणाल्या. "तुझं कुणी गेलं होतं का वाऱ्याने?"

 लाजवंती आंटींनी मान खाली घातली. त्या श्रावणात त्या इथेच होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि भिमाबाईंनी इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा तोंडाने म्हटलं होतं.

शीला बाहेरच्या खोलीत मशीनवर होती. मशीन थांबलं. ती आत आली आणि तिने बाळाला उचललं. बाळाची मान लुळी पडली. ओठ कोरडे होते. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कशाकडेच पाहत नव्हते. शीलाने दुपटी सोडायला सुरुवात केली, एक, मग दुसरं, मग आतलं. बाळाचं अंग चटका बसेल असं तापलं होतं. यशोधराने पोरीच्या तोंडाशी छाती धरली, तिने ओढलीच नाही.

भिमाबाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. वारा लागला. माझं नशीबच फुटकं, हिलाही वारा लागला.

शीला या घरात सून म्हणून आल्यापासून सासूसमोर मान वर करून बोललेली मी ऐकली नव्हती. ती ओरडली नाही. बाळाचे पाय ओल्या फडक्याने पुसता पुसता म्हणाली, "अहो आई, वारा कुठून लागणार? वाराच नाही इथे."

आणि ती वाट पाहत थांबली नाही. बाळाला एका पातळ सुती ओढणीत घेतलं, यशोधराचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या. गल्लीच्या तोंडाशी शीलाने रिक्षाला मारलेली हाक मला पत्र्यातून ऐकू आली. मग रिक्षाचा आवाज. मग तोही गेला.

भिमाबाई उभ्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं. लाजवंती आंटींनी काठी टाकून दोन्ही हातांनी ते धरलं. स्टूल डगमगत होतं. भिमाबाईंनी माझ्या पहिल्या पानातली चिंधी ओढली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, चौथ्या. निळ्या चिंध्यांचा ढीग खाली पडला. त्यांनी तोंड माझ्याजवळ आणलं.

काही आलं नाही. पलीकडे फ्लेक्स होता.

त्या क्षणी भिमाबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्या श्रावणात एकदा ऐकला होता. त्यांनी शीलाची कात्री मागितली. कपडा कापायची मोठी कात्री. ती माझ्या पानातून पलीकडे घालून त्या फ्लेक्स भोसकायला लागल्या. प्लास्टिक चिवट, कात्रीचं टोक बोथट. ज्या बाळासाठी उघडायचं ते खोलीत नव्हतं. बाळंतीण नव्हती. खोली रिकामी होती, तरी त्या कापत होत्या. त्यात माझ्या एका पानाचं टोक निखळलं आणि त्यांच्या मनगटाला ओरखडा काढून खाली पडलं. मला दुखलं नाही. खरं सांगते, त्यांनी मला अख्खी फोडली असती तरी चाललं असतं.

फ्लेक्स फाटला. कुणाच्या तरी हसऱ्या फोटोच्या मधोमध. लाजवंती आंटींनी जाऊन खिडकी उघडली. कोपऱ्यात शेगडी अजून धुमसत होती. तिचा धूर इतके दिवस खोलीभर निजून होता. तो हलला. त्याने मान वळवली, एक बारीक दोरा झाला, आणि सरळ माझ्याकडे निघाला. भिमाबाईंच्या तोंडासमोरून तो माझ्या तुटक्या पानातून बाहेर गेला. त्या स्टुलावर उभ्या राहून तो जाताना पाहत राहिल्या. एवढंच तर होतं. इतकी सोपी गोष्ट होती.

काल संध्याकाळी राजरत्न परस्पर दवाखान्यात गेला. तिथून त्याने फोन केला. सलाइन लावलंय, ठेवून घेतलंय, नक्की काही सांगत नाहीत. डॉक्टर म्हणाले, बाळाला आजाराचा ताप नव्हता, बाळाला तापवलं गेलं. हे वाक्य आईला सांगू नये असं त्याला वाटलं असेल, पण फोन स्पीकरवर होता.

तेव्हापासून भिमाबाई इथे बसून आहेत. जेवल्या नाहीत. लाजवंती आंटी भात घेऊन आल्या आणि ताट तसंच घेऊन गेल्या. सकाळी एकदाच भिमाबाई बोलल्या, तेही वर पाहून. "तेव्हाही तूच होतीस ना ग," म्हणाल्या. मला उत्तर देता आलं असतं तर मी काय दिलं असतं? हो, मीच होते. तेव्हा मला झाकायला हवं होतं आणि काल मला उघडायला हवं होतं. रामभाऊंना ते कळलं होतं. त्यांचं कळणं त्या शर्टातच राहिलं आणि त्यांच्या मागे कुणी तो खिळ्यावर टांगला नाही.

मित्रांनो, म्हणून तुमच्यापाशी माझं एक मागणं आहे, आणि ते मी हात जोडून मागितलं असतं, पण मला हात नाहीत. आज घरी गेलात की मान वर करून भिंतीकडे बघा. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. कुणाच्या घरात जाळी असेल, कुणाच्या घरात दारावरची लहान खिडकी, कुणाच्या मोरीतलं झडपांचं तावदान. तिच्यात पुठ्ठा असेल, कबुतराचं घरटं असेल, जुनं कॅलेंडर असेल. समोरची खिडकी कपाटामागे गेली असेल. मोठ्यांना विचारा, ही बंद का केली? त्यांचं कारण खरंच असेल. वास असेल, डास असतील, पाऊस असेल, एखादं जुनं दुःख असेल. त्या कारणाला हसू नका. डासांना बारीक जाळी लावा, पावसाला एक पडदा लावा, जो वर करता येतो. फक्त कायमचं बुजवू नका. दुपारी घर तापलं की त्याला श्वास सोडू द्या. आणि घरात तान्हं बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, तर त्यांना तोंडाने सांगता येत नाही हे तुम्ही लक्षात ठेवा. मलाही सांगता आलं नाही.

थांबा. फोन वाजतोय.

शीला आहे. भिमाबाई फोन उलटसुलट करतायत, त्यांना बटण सापडत नाही. आता सापडलं. शीला रडतेय की हसतेय ते मला इथून कळत नाही. म्हणते, पहाटेच पोरीने आईचं दूध ओढलं, पण तुम्हाला उगाच आशा लावायला नको म्हणून आम्ही थांबलो. आता पोटभर पिते आहे. डॉक्टर सोडतायत. रिक्षात बसतोय.

भिमाबाईंनी फोन खाली ठेवला.  मग उठल्या, शेगडी उचलून बाहेर नेली, दोरीवरचे लंगोट काढले, चिंध्यांचा ढीग शीलाच्या मशीनखाली परत नेऊन ठेवला. त्यानंतर त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी हात घालून खूप वेळ काही शोधलं. निघाला तो खाकी शर्ट. कॉलर फाटलेली, खांद्यावर ठिणग्यांची बारीक भोकं. त्यांनी तो नाकाशी धरला, झटकला, आणि पुन्हा स्टुलावर चढल्या. मला वाटलं, आता शर्ट माझ्यावर येणार. 

गल्लीत रिक्षा थांबली. बाळाचा आवाज आला, घसा फोडून, साऱ्या कॅम्पला ऐकू जाईल असा. दार उघडलं. यशोधरा आत आली, तिच्या डोक्याला रुमाल नव्हता. मागे शीला होती. भिमाबाई स्टुलावरून उतरल्या, त्यांनी हात पुढे केले, पण नातीला घेण्याआधी एकदा वर पाहिलं.

शर्ट बाजूच्या खिळ्यावर होता, आणि हलत होता.